तायडे सिस्टरची बोटं

"फाइल पातळ हाय अन् तोंड जाड हाय. मधात कोठीतरी खोटं हाय, जनाबाई."

पडद्यापलीकडून हे ऐकू आलं तेव्हा मी तपासणीच्या लोखंडी टेबलावर पाय सोडून बसले होते. पडदा हिरवा होता आणि खालून हातभर तोकडा. त्याच्याखालून मला पांढरे कॅनव्हासचे बूट दिसत होते आणि शेजारी आयाबाईचे अनवाणी पाय. बोलत होते ते बूट. फाइल माझी होती, आणि तोंडही माझंच.

पडदा सरकला. चाळिशीच्या आसपासच्या एक सावळ्या, उंच नर्स आत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आधी खिडकी पाहिली, मग टेबलावरची चादर उचलून खालचं रबर पाहिलं, मग ट्रेमधली सुई उजेडात धरली. सगळ्यांची तपासणी झाल्यावर माझी पाळी.

"नाव?"

"मंदा कुलकर्णी."

"हं," त्या म्हणाल्या. हा हुंकार मला पुढे पुष्कळ वेळा ऐकायचा होता. त्याचा अर्थ 'ऐकलं' एवढाच असे. 'पटलं' असा कधीही नसे.

ह्या तायडे सिस्टर. अकोल्यात एका डॉक्टरांच्या बारा खाटांच्या खाजगी दवाखान्यात त्या काम करत. छप्पन साली नागपूरला जाऊन त्यांच्या सगळ्या घरानं दीक्षा घेतली होती, आणि त्याला तेव्हा बारा वर्षं होत आली होती. नवरा रेल्वेत होता. त्यांच्या आयुष्याबद्दल मला ह्यापलीकडे फारसं माहीत नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारण्याची सवय आमच्या घरात नव्हती.

आमचं घर अमरावतीचं. वडील वकील. मी नन्सच्या इंग्रजी शाळेत शिकले. तिथं मला स्वच्छ उच्चार आणि गप्प बसणं ह्या दोन गोष्टी चांगल्या आल्या. सतराव्या वर्षी मला मोठ्या आतड्याचा आजार झाला. आतड्याला आतून जखमा होतात, रक्त पडतं, दिवसातून दहा-बारा वेळा उठावं लागतं. लग्नाच्या वयाकडे निघालेल्या मुलीनं हे कुणाला सांगायचं नसतं. मीही इथं यापेक्षा जास्त सांगणार नाही.

आधी पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी रक्त थांबलं आणि चेहरा भाकरीसारखा फुगला. वर्षभरानं नागपूरच्या एका डॉक्टरांनी त्यांच्या जोडीला पिवळ्या गोळ्या दिल्या. त्या बाहेरच्या देशातून येत, मुंबईच्या एका माणसाकरवी नागपूरच्या औषधवाल्याकडे. ह्या गोळ्यांनी मी खरोखर माणसांत आले. कॉलेजला जाऊ लागले, वर्गात मधल्या बाकावर बसू लागले. दाराजवळच्या बाकाची गरज उरली नाही.

डॉक्टर म्हणाले होते, वर्षभर देऊन पाहू, मग थांबवू. वर्षानंतर थांबवल्या. अठराव्या दिवशी बाबांनी मला दोन हातांवर उचलून टांग्यात घातलं. त्यांच्या काळ्या कोटावर रक्त लागलं होतं ते काळ्यावर दिसत नव्हतं, पण कोट ओला झालेला मला कळत होता. त्यानंतर बाबांनी ठरवलं की गोळ्या थांबू द्यायच्या नाहीत. जो डॉक्टर 'आता पुरे' म्हणेल तो बदलायचा. नवीन डॉक्टर "किती दिवस घेते आहे?" असं विचारी, तेव्हा बाबा म्हणत, "सहा महिने."

बाबा वाईट नव्हते. ते साक्षीदार तयार करण्यात मुरलेले होते. "विचारलं तेवढंच सांगायचं, आणि तेही थोडं कमी," असं ते पक्षकारांना सांगत. डॉक्टर हा विरुद्ध बाजूचा वकील, अशीच आमच्या घराची समजूत होऊन बसली होती. नागपुरात असे दोन डॉक्टर झाले. तिसरे अकोल्याचे, विलायतेहून शिकून आलेले. अकोल्यात माझे मामा राहत. माझं नाव कागदावर गेलं तर ते बडनेऱ्याच्या पुढे अमरावतीला गाडीच्याही आधी पोचेल, म्हणून मामांच्या मुलीचं नाव घातलं. मंदाचं लग्न होऊन ती खांडव्याला गेली होती. तिचं माहेरचं नाव रिकामंच होतं.

पिवळ्या गोळ्या घेणाऱ्याचं रक्त वरचेवर तपासावं लागतं. त्या सुट्टीत मी दोन महिने मामांकडे राहिले, आणि डॉक्टरांनी दर बुधवारी तायडे सिस्टरना घरी पाठवायचं ठरवलं. नर्स घरी येते म्हणजे काहीतरी मोठं आहे, हे गल्लीला कळणार. म्हणून मामींनी सिस्टरना सांगितलं, "येताना रंगीत लुगडं नेसून या. आम्ही सांगितलंय, पोरीला कशिदा शिकवायला बाई येतात."

"कशिदा?" सिस्टर म्हणाल्या. "मले तं गुंडीबी सरळ लावता येत नाई, बाई."

"लावायची कुठंय? नुसतं म्हणायचं."

"हं," सिस्टर म्हणाल्या.

पहिल्याच बुधवारी त्या विटकरी लुगडं नेसून आल्या, हातात कापडी पिशवी, पायात मात्र तेच पांढरे बूट. मामींनी माझ्यापुढे शिवणाची टोपली ठेवली, खिडकी अर्धी उघडी ठेवली आणि चहा आणला. मला चिनी मातीच्या कपात, सिस्टरना कोपऱ्यातल्या, कान तुटलेल्या कपात. सिस्टरनी तो कप पाहिला. मग पिशवीतून आपला निळा एनॅमलचा पेला काढला आणि पुढे केला.

"याच्यात द्या. माहा पेला माह्यापाशी असते. दुसऱ्याच्या घरचे जंतू मी घेत नाई."

मामींच्या हातातली किटली तशीच राहिली. आमच्या घरच्यांना कुणी अस्वच्छ म्हणू शकतं ही कल्पना त्यांना नवी होती. त्या रात्री मामांना त्या तीनदा म्हणाल्या, "पाहिलंत ना? ह्यांना आमचे जंतू नको!" मामा वर्तमानपत्रामागे हसत होते असा मला संशय आहे.

दुसऱ्या की तिसऱ्या बुधवारी शेजारच्या मालतीबाई खिडकीशी आल्या. त्यांना दुसऱ्याच्या घरातलं शिकायची फार आवड. सिस्टर नेमक्या माझ्या दंडाला पट्टी आवळत होत्या. मी पदर ओढून घेतला.

"कशिदा शिकवून राहिल्या का बाई? आमच्या सुधीले शिकवान का?"

"हव, शिकवीन ना," सिस्टर मान न वळवता म्हणाल्या. "पण सांगून ठेवते. माह्यापाशी शिकाचं म्हटलं तं रक्त निघते."

मालतीबाई पुन्हा आल्या नाहीत. पण दोन दिवसांनी त्या बाहेरच्या ओट्यावर कुणाला तरी सांगत होत्या, "लय कडक बाई हाय म्हणते. सुया टोचून शिकवते."

मला हसू आलं होतं, पण मी हसले नाही. कारण मला तायडे सिस्टरची भीती वाटू लागली होती. त्या कशावरही विश्वास ठेवत नसत. "जेवली का?" असं विचारून स्वयंपाकघरात जाऊन ताट पाहून येत. ताप मोजायला त्यांच्याजवळ दोन थर्मामीटर असत, एकामागून एक दोन्ही लावत. "एक थर्मामीटर खोटं बोलू शकते. दोघं मिळून बोलत नाई." औषधाची नवी बाटली आली की तिचं झाकण उघडून हुंगत, उजेडात धरत, गोळी तळहातावर घेऊन फिरवत. मामी एकदा म्हणाल्या, "अहो, मोठ्या कंपनीचं औषध आहे. विश्वास ठेवा थोडा."

"इसवास ठेवाले देव होते, बाई. ते म्या सोडले. आता ह्या गोळीवर कायले ठेवू?"

आणि त्यांची बोटं. रक्त घेऊन झालं की त्या आपले हात एकमेकांवर चोळून ऊन करत आणि मागे उभ्या राहून माझ्या मानेवरून बोटं फिरवत. कानाखाली, जबड्याच्या काठानं, गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात. मग काखेत. फार सावकाश. तांदूळ निवडताना खडा शोधावा तशी. पहिल्यांदा मी विचारलं तर म्हणाल्या, "उवा पाहून राहिली."

काखेत उवा?

मी विचारलं नाही, पण ठरवलं की ही बाई काहीतरी शोधते आहे आणि मला सांगत नाही. मग माझाही संशय चढत गेला. त्या माझ्या पुस्तकांकडे पाहत, तेव्हा वाटे पत्रं शोधताहेत. मी ट्रंकेला कुलूप लावू लागले. त्यांनी माझ्याबद्दल कुठं काय बोलायचं ठरवलं तर किती घरांत पोचेल, ह्याचा मी अंथरुणात पडून हिशेब करी. नागपूरच्या एका घरी माझी पत्रिका गेलेली होती. मुलगा इंजिनिअर होता. माझा एक जुना, गोळ्यांच्या आधीचा फोटो पाठवला होता.

डॉक्टरांनी मला पिवळ्या गोळीचं काम समजावून सांगितलं होतं. आपल्या अंगात रोगाशी लढणारे पहारेकरी असतात. ह्या आजारात ते बिघडतात आणि घरावरच उठतात, आतड्याला खातात. गोळी त्यांना झोपवते. मला ते आवडलं होतं. सिस्टरना मी एकदा हेच, थोडं मोठेपणानं, सांगितलं. त्यांनी सुई उकळत्या पाण्यातून चिमट्यानं काढली.

"पहारेकरी झोपला तं घर वाचते. हव, समजलं. मंग चोर आला तं कोन पाह्यते?"

"कुठला चोर?"

"तेच तं मी पाहून राहिली," त्या म्हणाल्या, आणि हात चोळू लागल्या.

त्या दिवशी मी त्यांना मानेला हात लावू दिला नाही. त्यांनीही जबरदस्ती केली नाही. माझ्या समोर बसल्या आणि पहिल्यांदाच सलग काही बोलल्या. आधी ज्या दवाखान्यात त्या होत्या तिथं तिवश्याकडची एक मास्तरीण यायची. चोवीस-पंचवीस वर्षांची. तिला माझ्यासारखाच आजार, आणि बाहेरून मागवलेल्या ह्याच गोळ्या पुष्कळ दिवस चालू. तिच्या मानेत एक गाठ आली. दुखत नव्हती. सगळे म्हणाले क्षयाची असेल, आपल्याकडे गाठ म्हटली की क्षयच. क्षयाची औषधं सुरू झाली. गाठीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार.

"कॅन्सर निंघाला. समजलं तवा काईच हातात नव्हतं."

"गोळ्यांमुळे?"

"मले माहीत नाई."

"मग तुम्ही असं कसं—"

"मले माहीत नाई म्हनते ना. कोनालेच माहीत नाई. आजारानंच आली असन, नशिबानं आली असन, गोळीनं आली असन. म्हनून तं बोटं फिरवते. माहीत असतं तं सांगून मोकळी झाली असती."

एवढं बोलून त्यांनी निळ्या पेल्यातला गार चहा एका घोटात पिऊन टाकला. मी मान पुढे केली.

त्यानंतरच्या बुधवारी बाटली सापडली. सापडली म्हणजे ती लपवलेली नव्हतीच. मामींनी माझ्यापुढे नुसती दाखवायला ठेवलेली शिवणाची टोपली आईनं अमरावतीहून माझ्याबरोबर दिली होती, आणि तिच्यात गुंड्या ठेवायला एक रिकामी औषधाची बाटली होती. आमच्या घरात बाटल्या टाकत नाहीत. मालतीबाई पुन्हा डोकावल्या तर हातात काहीतरी असावं म्हणून सिस्टरनी टोपलीत हात घातला, आणि बाटली बाहेर काढून उजेडात धरली. नागपूरच्या औषधवाल्याची चिठ्ठी तिच्यावर अजून चिकटलेली होती. गोळीचं नाव, माझं नाव आणि तारीख. हातानं लिहिलेली, शाईची.

सिस्टर बराच वेळ वाचत राहिल्या.

"मले पुस्तकातलं विंग्रजी येत नाई," त्या शेवटी म्हणाल्या. "शिशीवरचं येते. एन. पाठक. एन म्हनजे?"

गप्प बसण्याची माझी सगळी शाळा त्या क्षणी उपयोगी पडायला हवी होती. पण त्यांनी आवाज चढवला नव्हता, त्यामुळे लपायला जागा नव्हती.

"नलिनी."

"चांगलं हाय की. मंग काऊन लपवता?" त्यांनी बाटली हलवली. आतल्या गुंड्या वाजल्या. "अन् ही तारीख? हिले तीन वर्षं होऊन राहिले, पोरी. फाइलीत तं सहा महिने लिहेल हाय."

त्यांनी बाटली टोपलीत होती तशी ठेवली.

पुढच्या वेळी त्यांनी पिशवीतून एक इंग्रजी वैद्यकीय मासिक काढलं. डॉक्टरांच्या टेबलावरून आणलं होतं, विचारून की न विचारता ते त्यांनी सांगितलं नाही. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. त्या पानावर त्यांना पिवळ्या गोळीचं नाव दिसलं होतं, तेवढंच ओळखता आलं होतं.

"तू विंग्रजी शाळेतली. वाचून सांग काय लिहेल हाय."

मी वाचलं. ज्यांना दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं आहे अशा माणसांबद्दल ते होतं. त्यांनाही हीच गोळी देतात, दीर्घकाळ. त्यांच्यातल्या काहींना पुढे गाठींचा कॅन्सर झाल्याचं दिसलं होतं. गोळीमुळेच झाला असं ठामपणे म्हणता येत नाही, असंही लिहिलं होतं, पण लक्ष ठेवावं, आणि किती काळ देतो त्याचा विचार करावा. इंग्रजी सोपं होतं. एकही शब्द अडला नाही.

मी पान मिटलं. अठराव्या दिवशीचा टांगा डोळ्यांपुढे आला, आणि नागपूरचा तो इंजिनिअर, आणि वर्गातलं दाराजवळचं बाक.

"विशेष काही नाही," मी म्हणाले. "मूत्रपिंडाबद्दल आहे."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं.

"पान एवढं मोठं, अन् उत्तर एवढं लहान?"

त्यांनी मासिक परत पिशवीत ठेवलं. त्या दिवशी 'हं' देखील म्हणाल्या नाहीत. बाबांचं खोटं मी दोन वर्षं ऐकत आले होते, पण हे पहिलं माझं स्वतःचं होतं. आणि ते अगदी सहज जमलं होतं.

त्या रविवारी बाबा अमरावतीहून आले. जेवणं झाली होती. सिस्टर, बुधवार नसताना, दारात उभ्या. आज पांढऱ्या लुगड्यात, उघड उघड नर्स. मामींनी घाईनं दार लोटून घेतलं.

"वकीलसाहेब, एक गोष्ट इचाराची होती. पोरगी ह्या गोळ्या कवापासून घेते?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. कोर्टातही ते असंच करतात. "फाइलमध्ये लिहिलेलं आहे."

"फाइल म्या वाचली. म्हनून तं इचारून राहिली."

"मग त्यावर तुमचा विश्वास नाही?"

"नाई."

हे 'नाई' इतकं साधं होतं की बाबांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. मग ते अतिशय नम्रपणे बोलले. ते नम्र झाले की समोरचा हरतो. "बाई, तुम्हाला रक्त घ्यायला बोलावलं आहे. घरातल्या वस्तू तपासायला नाही. मुलगी समोर बसली आहे, तिलाच विचारा."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. बाबाही माझ्याकडे पाहत होते, पण पूर्ण निर्धास्तपणे.

मी खाली सतरंजीच्या कडेकडे पाहिलं. लाल आणि निळा पट्टा, लाल आणि निळा पट्टा.

"सहा महिने," मी म्हणाले.

"पाहा," बाबा म्हणाले.

सिस्टर गेल्यावर मामींना कंठ फुटला. "चार पुस्तकं शिकल्या की ह्या लोकांना वाटतं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. आमच्यात अशी वाक्यं पुरी करत नाहीत. बाबा त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊन आले. सिस्टरनी डॉक्टरांना आधीच सगळं सांगितलं होतं, बाटलीसकट. पण डॉक्टरांपुढे एका बाजूला वकील आणि पेशंटचा स्वतःचा शब्द, दुसऱ्या बाजूला शिशा हुंगणारी नर्स आणि भलत्याच नावाची बाटली. तिला समज देण्यात आली. रुग्णांच्या घरी जायचं नाही, रुग्णांसमोर तोंड उघडायचं नाही. हे मला आयाबाईनं, जनाबाईनं, सांगितलं. "नौकरी जाता जाता रायली तिची," ती म्हणाली आणि मला वळसा घालून फडकं मारत पुढे गेली.

बुधवारी दुसरी नर्स आली. हसरी होती, रक्त घेई, मामींच्या कपात चहा पिई आणि जाई. मानेला हात लावत नसे. मीच अंथरुणात पडल्या पडल्या बोटं फिरवू लागले, पण माझी बोटं अडाणी होती. प्रत्येक शीर मला गाठ वाटे. प्रत्येक गाठ नाहीशी होई आणि सकाळी पुन्हा सापडे.

नंतरचं मी आधीच सांगून टाकते, म्हणजे मला शेवटी त्याच्याकडे जावं लागणार नाही. माझ्या पिवळ्या गोळ्या बंद झाल्या. रक्त परत आलं, दोनदा. मुंबईला मोठं ऑपरेशन झालं, त्याबद्दल मी लिहीत नाही. नागपूरच्या घरानं पत्रिका परत पाठवली. बाबा माझ्याशी पाच महिने बोलले नाहीत, आणि मग एके दिवशी माझ्यासाठी स्वतः मोसंबी सोलत बसले. गोळ्यांनी अंगात मागे काही ठेवलं आहे का, हे कुणालाच सांगता येत नाही. मुंबईचे डॉक्टरही 'पाहत राहू' एवढंच म्हणतात. तायडे सिस्टर त्याच साली अकोला सोडून परतवाड्याकडे एका दवाखान्यात गेल्या. मी त्यांना पत्र लिहिलं, चार पानी. उत्तराचं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती: मान पाह्यत जाय, अन् फक्त मानच नाई.

त्यांना शेवटचं पाहिलं ते डॉक्टरांच्या खोलीत. सुट्टी संपत आली होती. रस्त्यावरून हंगामाअखेरच्या कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जात होत्या आणि दवाखान्याच्या कुंपणाच्या तारांना पांढरे पुंजके अडकले होते. मी खुर्चीत, शेजारी बाबा. सिस्टर दाराशी ट्रे घेऊन उभ्या.

डॉक्टर खुशीत होते. माझं रक्त चांगलं होतं, वजन वाढलं होतं. ते बाबांशी इंग्रजीत बोलत होते, कारण दोघांनाही ते आवडे.

"सहाच महिने झालेत," ते म्हणाले. "आणखी वर्षभर द्यायला काहीच हरकत नाही. त्यापलीकडे मात्र मी देत नाही, एवढ्या लहान वयात तर नाहीच. हल्ली काही काही वाचायला मिळतं."

"वर्षभर पुरे," बाबा म्हणाले. "तोवर लग्न होऊन जाईल."

डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं. मग दाराकडे पाहून हसत, मराठीत म्हणाले, "आमच्या तायडे सिस्टरना विचारून लिहायला हवं. त्यांचा माझ्यावरसुद्धा संशय असतो!"

बाबाही हसले. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. एक प्रकरण मिटल्याचं हसू होतं ते.

सिस्टर हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी ट्रे खिडकीखालच्या टेबलावर ठेवला. एक थर्मामीटर झटकला, पारा पाहिला, दुसरा झटकला, त्याचाही पाहिला. दोन्ही बाजूबाजूला कापसावर ठेवले. मग भिंतीला पाठ लावून, हात पुढे बांधून उभ्या राहिल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी त्यांच्या तोंडावर तीनदा खोटं बोलले होते. माझ्याकडून त्यांना आता काही नको होतं. त्यांच्या विटलेल्या पांढऱ्या बुटांपैकी उजव्याची नाडी सुटलेली होती, आणि ज्या बाईच्या नजरेतून काही सुटत नसे तिला ते दिसलं नव्हतं.

पेन कागदावर टेकलं. मी इंग्रजीत बोलणार होते. डॉक्टरांशी मी इंग्रजीतच बोलत असे, आणि इंग्रजीत बोललेलं मला माझं वाटत नाही, म्हणून ते सोपं जातं. पण ते भिंतीपाशी उभ्या असलेल्या बाईला कळलं नसतं. बाबांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. मी उठून उभी राहिले तेव्हा तो खाली घसरला.

"सिस्टर खरं बोलल्या होत्या, डॉक्टर. तीन वर्षं झाली मी ह्या गोळ्या घेतेय."